स्कॉटिश खेड्यांतील चेटकिणी : दंतकथा आणि दप्तर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतील स्कॉटलंडच्या खेड्यांवरील प्रवासलेखात पर्थशायरमधल्या डनिंग गावाजवळच्या मॅगी वॉलच्या स्मारकाचे वर्णन वाचले. दगडांचा उंच ढीग, माथ्यावर क्रूस आणि १६५७ साली तिला चेटकीण म्हणून येथेच जाळल्याचे सांगणारी पांढरी अक्षरे, हे सारे लेखात रंगून आले आहे. मात्र या नावाच्या बाईवर खटला चालल्याची एकही नोंद आजवर सापडलेली नाही, ही माहिती त्यात यायला हवी होती.

जिच्याविषयी दप्तर खरोखर बोलते, ती फाईफ परगण्यातील टॉरीबर्न गावची लिलियास एडी लेखात कुठेच नाही. १७०४ मध्ये शेजारणीच्या आरोपावरून तिला धरण्यात आले आणि गावच्या पाद्र्याने व चर्चच्या ज्येष्ठ मंडळींनी तिची पुन्हा पुन्हा जबानी घेतली. सैतानाशी संबंध असल्याची कबुली तिने दिली, पण चेटकिणींच्या मेळाव्यांना आणखी कोण हजर होते असे विचारल्यावर, तिथल्या बायकांनी तोंडे झाकलेली असत, असे सांगून तिने नवी नावे देण्याचे टाळले. (त्या परिस्थितीत यापेक्षा धीराचे उत्तर मला तरी सुचत नाही.) शिक्षा होण्याआधीच ती कोठडीत मरण पावली. तिला भरती-ओहोटीच्या मधल्या चिखलात पुरून वर अवजड शिळा ठेवली गेली; ती परत उठू नये, ही त्यामागची भीती. एकोणिसाव्या शतकात ही कबर उकरून हौशी संग्राहकांनी हाडे नेली आणि शवपेटीच्या लाकडापासून हातात धरायच्या काठ्याही बनवल्या. तिची कवटी पुढे गहाळ झाली. कवटीच्या जुन्या छायाचित्रांवरून २०१७ मध्ये डंडी विद्यापीठात तिचा चेहरा साकारण्यात आला.

स्कॉटलंडमधला जादूटोण्याविरुद्धचा कायदा १५६३ ते १७३६ या काळात लागू होता आणि सुमारे ३,८०० जणांवर आरोप झाले, त्यांत बहुसंख्य बायका होत्या. लेखातील 'जिवंत जाळले' हा शब्दप्रयोगही बहुतेक वेळा चुकीचा ठरतो, कारण दोषी ठरलेल्यांना साधारणतः आधी गळा आवळून मारले जाई व नंतर प्रेत जाळले जाई. शिवाय प्रत्येक वेळी न्यायालय लागेच असे नाही. फाईफच्याच किनारपट्टीवरील पिटनवीम गावात जानेवारी १७०५ मध्ये जॅनेट कॉर्नफूटला जमावाने मारहाण केली, तिच्या अंगावर दार टाकून वर दगड रचले आणि त्याखाली चिरडून तिचा जीव घेतला. तिच्यावरील आरोप सिद्ध झालेला नव्हता, आणि तिच्या मारेकऱ्यांना शिक्षा झाली नाही.

या खेड्यांचा काळा इतिहास भुतांच्या गोष्टींत विरून जातो, तेव्हा सुटका होते ती आरोप करणाऱ्या शेजाऱ्यांची, जबान्या घेणाऱ्या पाद्र्यांची आणि खटल्यांना परवानगी देणाऱ्या एडिनबरोच्या अधिकाऱ्यांची, असे मला वाटते. मार्च २०२२ मध्ये स्कॉटलंडच्या तत्कालीन प्रथम मंत्री (सरकारप्रमुख) निकोला स्टर्जन यांनी संसदेत या छळाबद्दल औपचारिक माफी मागितली आणि त्याच वर्षी चर्च ऑफ स्कॉटलंडनेही मागितली. म्हणजे जबाबदारी कोणाची, हा प्रश्न तेथे उघडपणे विचारला जात आहे. याच विषयावर पुढचा लेख येणार असेल, तर तो डनिंगऐवजी टॉरीबर्नच्या जबान्यांवरून लिहिला जावा, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक