आजी, तुमच्या अबोलीच्या वळेसारासाठी

तीर्थस्वरूप आजी,

सा. न. वि. वि.

हे पत्र तुमचा नातू तुम्हाला वाचून दाखवेल. घरी येऊन सांगायचं ते असं चारचौघांत लिहितेय, कारण तुम्ही आमच्यासाठी जे केलंत ते चार गावांना कळायला हवं. तुमचं आणि गावाचं नाव घालत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. वेंगुर्ला-कुडाळकडच्या माणसांना ‘मार्गशीर्षातली जत्रा’ म्हटलं तरी अंदाज येईल, आणि नाही आला तरी बिघडत नाही.

बाबा दशावतारातले, म्हणजे कोकणातल्या जत्रांत रात्री होणाऱ्या लोकनाट्यातले, स्त्रीपार्टी; बायकांच्या भूमिका करणारे. मला समजायला लागल्यापासून कार्तिक उजाडला की बाबांची ट्रंक उघडायची. साड्यांना ऊन, दागिन्यांना दोरे, रंगाच्या डब्या पुसून ठेवायच्या. मग पाऊस तोंडावर येईपर्यंत रात्री जत्रांच्या आणि दिवस अर्धे झोपेचे, अर्धे शेतीचे. त्या वर्षी दिवाळी झाली, नाटक कंपनी बाहेर पडायला थोडेच दिवस उरले होते, आणि बाबांना पक्षाघाताचा झटका आला. रात्रीच गोव्यात बांबोळीच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. जीव वाचला. डावा हात मात्र लुळा पडला आणि जीभ जड झाली.

ज्या माणसाचं सगळं नाटकच तोंडात असतं, त्याची जीभ जड होणं म्हणजे काय, हे दशावतार न पाहिलेल्याला सांगून कळणार नाही. लिहिलेली संहिता नाही. कंपनीचे मालक संध्याकाळी कथानक समजावून सांगणार, कोणी काय व्हायचं ते ठरणार, आणि पखवाजावर थाप पडली की पुढचं सगळं ज्याचं त्याने उभ्या उभ्या बोलायचं. बाबा दमयंती झाले की रानात सोडून गेलेल्या नवऱ्याला काय काय विचारायचे! दरवर्षी वेगळं. मी तीच दमयंती कितीदा पाहिली आणि कितीदा रडले.

त्या दिवसांत कोण कोण आलं नाही ते आम्ही पाहिलं. ज्या संस्थेने आदल्याच वर्षी बाबांना शाल, श्रीफळ आणि काचेचं सन्मानचिन्ह देऊन ‘ही कला जगली पाहिजे’ म्हणून तासभर भाषणं केली होती, त्यांना आईने फोन केला. ‘कमिटीपुढे ठेवतो’ म्हणाले. ती कमिटी अजून बसायची आहे. एक पुढारी आले, बाबांच्या खाटेशी उभे राहून फोटो काढून घेतला, आणि पाकीट देतानाचा फोटो नीट आला नाही म्हणून ते पाकीट पुन्हा घेऊन पुन्हा दिलं. बाबांनी तोंड भिंतीकडे फिरवलं होतं. ज्येष्ठ कलावंतांसाठी सरकारचं महिना ५००० रुपयांचं मानधन आहे, त्यासाठी गेलो, तर टेबलापलीकडचे साहेब म्हणाले, कलाकार असल्याचे पुरावे आणा. आयुष्यभर देवळापुढे रात्री जागवल्या, त्याचं प्रमाणपत्र कोण देतो? देवी देते का सही-शिक्क्यानिशी?

राग आहे आजी, अजून आहे. तो लपवून नुसतं गोड लिहिलं तर तुमचं मोल कोणाला कळणार नाही.

कंपनीचे मालक आले, सोबतचे कलाकार आळीपाळीने रात्री दवाखान्यात बसले, त्यांचं ऋण वेगळं आहे. पण भेटायला येणारा प्रत्येक जण एकच बोलायचा. ‘आता आराम करा. पुष्कळ केलंत.’ प्रेमानेच म्हणायचे. बाबा मान हलवायचे, आणि तो गेला की दिवसभर गप्प. घरात कोणी हंगामाचा विषय काढत नव्हतं. आईने ट्रंक माळ्यावर चढवली होती.

आणि मग तुमच्या जत्रेच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही आलात. एस.टी.ने, सुनेला घेऊन, या वयात. पिशवीत दहीकाल्याचा प्रसाद, नारळ, जत्रेतलं खाजं. आणि केळीच्या पानात बांधलेला अबोलीचा वळेसार, म्हणजे गजरा.

तो वळेसार आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होता. तुमच्या खळ्याच्या कडेची अबोली, जत्रेच्या दुपारी तुम्ही ती खुडून गुंफायची, आणि रात्री कलाकार तुमच्या पडवीत रंगायला बसले की बाबांच्या ट्रंकेवर आणून ठेवायची. बाकी जत्रांना बाबा बाजारातला गजरा माळायचे, तुमच्या जत्रेला मात्र कधीच नाही. त्या वर्षी बाबा नसताना तुम्ही तो गुंफलात. तुम्ही त्याचा विचारही केला नसेल, हाताला सवयच ती. पण दुसऱ्या दिवशी तो घेऊन आमच्या घरी यायचं तुमच्या मनात आलं, ते सवयीने नाही.

तुम्ही तब्येत विचारली नाहीत. खाटेच्या कडेला बसलात, वळेसार बाबांच्या उजव्या हातात दिलात आणि म्हणालात, “झिला, येत्या जत्रेक कोण होतलस? द्रौपदी काय तारामती?”

आई दारात उभी होती, ती तशीच राहिली. बाबा तुमच्याकडे बघत होते. बराच वेळ गेला. मग ती जड जीभ हलवून, एकेक शब्द सुटा करून ते म्हणाले, “काकी, तुमी सांगा, तीच होतंय.”

आजारपणानंतर त्यांनी सलग उच्चारलेलं ते पहिलं वाक्य होतं. त्या संध्याकाळी त्यांनी आईला ट्रंक खाली काढायला लावली. व्यायाम शिकवणाऱ्या बाई सांगून थकल्या होत्या, ते हाताचे व्यायाम दुसऱ्या दिवसापासून ते आपणहून करू लागले. पहाटे अंगणात बसून मोठ्याने संवाद म्हणायचे, शब्द तुटला की पुन्हा पहिल्यापासून. शेजाऱ्यांनी एकदाही कुरकुर केली नाही, त्यांचेही आभार इथेच मानते.

तुमच्या गावाने पैशाचीही मदत केली. देवस्थानच्या मानकऱ्यांनी पुढच्या जत्रेची बिदागी आधीच मालकांच्या हाती ठेवली, तीही बाबांचा वाटा धरून. त्याचा माईकवरून उच्चार नाही, फलक नाही. आम्हालाही ते मालकांकडून पुष्कळ नंतर कळलं. २०२० साली जत्रा मोजक्या माणसांत उरकल्या, नाटकं फारशी झालीच नाहीत, तेव्हाही तुमच्या गावातून कलाकारांच्या घरी तांदूळ गेले होते. त्याचीही कुठे बातमी नाही.

दशावतार कोणी टिकवला, यावर परिसंवाद होतात. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं, तिथून मराठी नाटकाचा इतिहास मोजतात. पण त्याच्या जवळपास दोनशे वर्षं आधीच्या दासबोधात समर्थ बाईचं सोंग घेणाऱ्या दशावतारी पुरुषांचा उल्लेख करतात. एवढा काळ हा खेळ जगला तो अमक्या जत्रेला अमकी कंपनी ही रीत गावांनी पिढ्यान् पिढ्या मोडली नाही म्हणून. वर्षाची तिथी ठरलेली आहे, ही कलाकाराच्या घरातली सर्वांत मोठी शाश्वती. पालखी देवळाभोवती फिरून आली की मध्यरात्री नाटकाला बसणारी, पहाटे दहीहंडी फुटेपर्यंत न हलणारी माणसं आहेत. थंडीत कांबळं पांघरून पोरांना मांडीवर घेऊन बसणाऱ्या बायका आहेत. पेडण्याहून, दोडामार्गाहून मोटारसायकलने येणारे शौकीन आहेत, कंपनीला परळ-गिरगावात बोलावून थिएटर भरवणारे चाकरमानी आहेत. आणि ज्यांच्या घरी कलाकार रात्री जेवतात, ती घरं आहेत. तुमच्या घरची काळ्या वाटाण्याची उसळ आणि वडे आमच्या कंपनीत अजून निघतात बोलण्यात. दहा माणसं अवेळी जेवायची, आणि कधी कोणाच्या कपाळाला आठी नाही.

पुढच्या जत्रेला मी मुद्दाम आले होते. बायकांच्या बाजूला, तुमच्यामागे दोन रांगा सोडून बसले होते, तुम्हाला सांगितलं नव्हतं. नाटकाआधीची सोंगं, गणपती झाला, सरस्वती झाली, संकासुर राक्षसाने पोरांना पळता भुई थोडी केली. माझं कशात लक्ष नव्हतं. मालकांनी बाबांना कुंती दिली होती. उड्या नाहीत, नाच नाही, उभं राहून बोलायचं. बाबांनी डावा हात पदराखाली घेतला होता आणि पदर असा धरला होता की गरीब गाईसारखी ती बाई लाजेनेच अंग चोरतेय असं वाटावं. कर्णाला ‘तू माझा मुलगा’ म्हणताना त्यांची जीभ एका शब्दावर अडली. पेटीवाल्याने सूर धरून ठेवला. सगळं खळं थांबलं. आणि बाबांनी तोच शब्द पुन्हा घेतला, हळू, रडवेल्या आवाजात, जणू कुंतीच्याच घशाशी आला होता. तुमच्या शेजारच्या बाईने डोळ्यांना पदर लावला. अडखळणं आजाराचं होतं हे तिला कळलंही नसेल. मला त्याचाच फार अभिमान वाटला.

नावं पुकारताना कोणी ‘आजारातून उठून आलेले’ असं म्हणालं नाही. इतरांसारखंच नाव घेतलं. बक्षिसं आली तीही कुंतीला आली. हे गावात कोणी ठरवून दिलं होतं की सगळ्यांना आपोआपच सुचलं, मला माहीत नाही. माणसाची अब्रू राखून मदत कशी करायची, हे तुमच्या गावाला येतं.

यंदाचं कळवते. बाबा निम्म्या जत्रा करतात, लांबच्या सोडतात. त्यांच्या जागी जो मुलगा उभा राहिला होता, तो आता दुपारी आमच्याकडे शिकायला येतो. दिवसा टेम्पो चालवतो, आवाज गोड आहे, साडी नेसताना अजून घोळ घालतो. यंदा तुमच्या जत्रेला तारामती तो आणि बाबा पुन्हा कुंती, कारण मालक म्हणतात, तुमच्या गावाने कुंतीच मागितली आहे. तारामतीचं आख्यान आधी लावतील, कुंतीचा प्रवेश त्याच्यानंतर, असं चाललंय. म्हणून एक विनंती. अबोली पुरेशी असेल तर यंदा दोन वळेसार करा. फुलं खुडायला मी सकाळीच येते.

तुमची,
एका दशावतारी कलाकाराची मुलगी