हे जनावर कोणाच्या खात्यात येतं?

मा. पालकमंत्री, सोलापूर जिल्हा,
तथा अध्यक्ष, जिल्हा नियोजन समिती
यांस,

सादर नमस्कार.

पत्रास कारण एक वासरू. ते आता नाही. चारच दिवस जगलं, पण त्या चार दिवसांत मला जे कळलं ते आपल्या कानावर घालायचं आहे.

मी शहरात कडक भाकरीचं लहानसं केंद्र चालवते. मागच्या मे महिन्यात सकाळी साडेसहाच्या सुमारास मालदांडी ज्वारीची दोन पोती आणायला मार्केट यार्डाकडे निघाले होते. हैदराबाद रोडच्या कडेला तीन-चार कुत्री गोल करून बसलेली दिसली आणि मध्ये काळं-पांढरं काहीतरी हलत होतं. रिक्षावाला म्हणाला, "अक्का, गोऱ्हा हाय. जर्शीचा. रात्री टाकून गेलेत बघा की कुणीतरी."

उतरून पाहिलं. नाळ अजून ओली होती. उठायला बघायचं आणि पुढच्या गुडघ्यांवर पडायचं. कुत्र्यांनी त्याला काही केलं नव्हतं, ती नुसती वाट बघत होती. मी खाली बसले तर त्यानं माझ्या पदराचं टोक तोंडात धरलं आणि चोखायला लागलं. पदर भिजून चिंब झाला, त्याच्या पोटात काहीच गेलं नाही.

तिथंच उभी राहून मी चार फोन केले. कुठं केले ते लिहीत नाही, कारण फोन उचलणारी माणसं वाईट नव्हती. त्यांच्यापुढच्या रजिस्टरात जेवढे रकाने होते तेवढंच ती बोलली. पहिल्यानं विचारलं, "जिवंत आहे की मेलंय? मेलं असेल तर गाडी पाठवतो." दुसऱ्यानं विचारलं, "मालकाचं नाव काय? कानात बिल्ला आहे का?" तिसरा म्हणाला, "देशी असेल तर बघतो. जर्शी घेत नाही, जागा नाही." चौथ्यानं शांतपणे सांगितलं, "मॅडम, हे आमच्या खात्यात येत नाही."

महोदय, मेलेल्या जनावरासाठी गाडी आहे. जिवंत असलेल्यासाठी नाही. हे वाक्य मी त्या दिवसापासून मनातून काढू शकलेले नाही.

रिक्षावाल्यानं सीटवर अंथरलेली चादर ओढून काढली, वासराला त्यात गुंडाळलं आणि मला म्हणाला, "पोती उद्या आणू." त्याच्या ओळखीच्या एका म्हाताऱ्या गवळी मामांकडे आम्ही गेलो. मामांनी वासराच्या तोंडात बोट घालून पाहिलं आणि पहिला प्रश्न केला, "चीक मिळालाय का ह्याला?" मला तेव्हा ठाऊक नव्हतं. वासरू जन्मतं तेव्हा त्याच्या अंगात रोगाशी लढायची स्वतःची ताकद जवळपास नसते, ती आईच्या चिकातून, म्हणजे व्याल्यावरच्या पहिल्या दुधातून येते. आणि तो चीक जन्मल्यावर पहिल्या काही तासांत पोटात जावा लागतो. जसजसा वेळ जातो तसतसं आतडं तो घेईनासं होतं. मामांच्या दावणीला आदल्या दिवशी व्यालेली गाय होती. घरातली नातवंडं खरवसाची वाट बघत होती. मामांनी तो चीक बाटलीत भरून माझ्या हातात दिला. पैसे घेतले नाहीत.

चौथ्या दिवशी वासराला हगवण लागली. डॉक्टर आले, सलाईन लावलं, आणि जाताना म्हणाले की चीक फार उशिरा मिळाला. म्हणजे त्या चार फोनांत आणि त्यांच्या आधीच्या रात्रीत जे तास गेले, त्यांनीच त्याला नेलं.

ज्यानं ते टाकलं त्याच्यावर मला आधी फार राग आला. नंतर विचार केला तर राग ओसरला. दुधाला भाव किती मिळतो हे आपल्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. गोऱ्हा रोज दोन-तीन लिटर दूध पिणार, त्याला वशिंड नाही म्हणून औताला नीट जुंपता येणार नाही, कत्तलीसाठी विकायला कायदा आडवा येतो. मग रात्रीचा टेम्पो काढून शहराच्या कडेला सोडून यायचं. हे चूकच आहे. १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्यात जनावराला उपाशी-तहानलेलं मरायला सोडून देणं हा गुन्हा आहे. पण त्या गुन्ह्याला पहिल्या वेळी दंड किती, तर दहा ते पन्नास रुपये. माझ्या केंद्रात तेवढ्यात शेंगा चटणीची पुडीसुद्धा मोठी येत नाही. म्हणून नुसता दंडाचा धाक दाखवून हे थांबणार नाही. ज्यांतून दहापैकी नऊ वेळा कालवड होते अशा कृत्रिम रेतनाच्या मात्रा आता निघाल्या आहेत. त्या जिल्ह्यातल्या प्रत्येक दूध उत्पादकाला परवडतील अशा भावात मिळाल्या, तर टाकायला गोऱ्हाच उरणार नाही. रस्त्यावरचं दुःख गोठ्यातच मिटवायचा याहून सरळ मार्ग मला दिसत नाही.

३० सप्टेंबर २०२४ ला आपल्या राज्य सरकारनं देशी गाईला राज्यमाता म्हटलं आणि गोशाळांतल्या प्रत्येक देशी गाईमागे दिवसाला पन्नास रुपयांचं अनुदान ठरवलं. त्याबद्दल मला आनंदच आहे. पण भाजी मंडई उठल्यावर कधी तिथं उभं राहून बघा. कोबीच्या पाल्याबरोबर प्लास्टिकच्या पिशव्या चघळणाऱ्या गाई तिथं रोज दिसतील. त्यात देशीही असतात, संकरितही असतात, आणि प्लास्टिक दोघींच्या पोटात सारखंच साठतं. भूक देशी की जर्शी हे विचारत नाही. अनुदान विचारतं.

गुरांसाठी १९६२ हा नंबर आहे, फिरतं पथक पशुपालकाच्या दारात येतं. चांगली योजना आहे. पण ज्याला मालकच नाही त्याचं दार कुठलं?

आता कुत्र्यांबद्दल, कारण त्यांचं नाव काढलं की आपल्या शहरात लगेच दोन तट पडतात. मी रोज उरलेल्या भाकरी ताकात भिजवून आमच्या बोळातल्या पाच कुत्र्यांना घालते. आणि आमच्याच बोळातल्या पहिलीतल्या मुलीला कुत्रं चावलं तेव्हा तिच्या आईबरोबर इंजेक्शनच्या रांगेत मीही उभी होते. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची, हे त्या आईला कुणी सांगितलं नव्हतं. तिनं हळद दाबली होती. रेबीजची लक्षणं एकदा दिसायला लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. म्हणून भीती खोटी आहे असं मी कधीच म्हणणार नाही. ज्या घरात लेकरू चावून आलं आहे, त्या घराला भूतदयेचं व्याख्यान देणं हा निर्दयपणा आहे.

पण कुत्री उचलून दुसऱ्या गावाच्या वेशीवर सोडली तर काय होतं? मोकळ्या झालेल्या जागेत नवी येतात, लस न दिलेली. कुत्री दोन महिन्यांत विते, वर्षातून दोनदाही विते. दर आठवड्याला दहा पकडली आणि मग तीन महिने काम बंद ठेवलं, तर पकडलेली दहा वाया गेली. एका भागातल्या निदान सत्तर टक्के कुत्र्यांना लस दिली, तर त्यांच्यातली रेबीजची साखळी तुटते. हेच खरं संरक्षण, लेकरांचंही आणि कुत्र्यांचंही. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत सगळं लिहिलं आहे: पकडा, नसबंदी करा, लस द्या, कानाला खूण करा, जिथून उचललं तिथंच सोडा. सर्वोच्च न्यायालयानंही २२ ऑगस्ट २०२५ ला, पिसाळलेली आणि आक्रमक कुत्री वगळून, हेच सांगितलं आणि खाऊ घालायच्या जागा प्रभागवार ठरवून द्यायला सांगितलं. तशी जागा आमच्या प्रभागात ठरवून द्या. मी ताकातल्या भाकरीचं पातेलं उचलून तिथं नेईन, माझी तक्रार नाही.

मग त्याच न्यायालयाचा ७ नोव्हेंबर २०२५ चा आदेश आला. शाळा, दवाखाने, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं इथली कुत्री हलवा आणि परत तिथं सोडू नका. त्याच आदेशात महामार्गावरची मोकाट गुरं उचलून निवाऱ्यात न्यायला आणि महामार्गावर मदतीचा नंबर ठळक लावायला सांगितलं आहे. सोलापुरातून पुण्याला, हैदराबादला, विजयपूरला, तुळजापूरला रस्ते फुटतात. रात्री त्या रस्त्यांवर बसलेल्या गुरांमुळे दुचाकीवरची पोरं जातात आणि गुरंही जातात. हलवायचं म्हणजे कुठंतरी न्यायला हवं. जागा हवी, छप्पर हवं, पाणी हवं, डॉक्टर हवा, झाडलोट करणारी माणसं हवीत. हे सगळं ठरल्याशिवाय हलवणं म्हणजे माझ्या वासराला टेम्पोतून उतरवणाऱ्यानं केलं तेच, फक्त सरकारी गाडीतून.

पाण्याचं लिहिल्यावाचून राहवत नाही. मे महिन्यात इथं पारा ४३ च्या वर जातो. नळाला चार-चार दिवसांनी पाणी. तरीही आमच्या बोळात प्रत्येक दुकानापुढं एक सिमेंटची कुंडी आहे, आणि स्वतःच्या घागरी मोजून वापरणाऱ्या विडी कामगार बायका ती भरतात. पूर्वी आडापाशी दगडी डोण असायची, माणूस पाणी शेंदायचा तेव्हा डोणीत ओतल्याशिवाय घागर उचलायचा नाही. सिद्धरामेश्वर लहानपणी गुरं राखायचे ही कथा आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक असते. या गावाला भूतदया शिकवायची गरज नाही. ती कुंड्याकुंड्यांतून आहे. पण कुंडीनं तुटलेला पाय जोडला जात नाही.

आणि २०२५ च्या सप्टेंबरात सीना नदीला पूर आला तेव्हा काय झालं ते आपण जवळून पाहिलं आहे. पाणी रात्री चढलं, माणसं माळवदावर गेली, आणि जनावरं दावणीला राहिली. दुधाळ जनावर दगावलं तर ३७,५०० रुपये मिळतात, पंचनामा होतो. पण जनावरं आधी सोडवून कुठल्या उंचवट्यावर न्यायची, चारा कुठून येणार, हे गावोगावच्या आपत्ती आराखड्यात आधीच लिहिलेलं असायला हवं. मेल्यावर मोजण्याची व्यवस्था आपल्याकडे पक्की आहे. महोदय, फिरून मी त्याच गाडीपाशी येते.

हे पत्र आपल्यालाच का? महापालिकेला लिहिलं तर शहराबाहेरचं ढोर येत नाही. पशुसंवर्धनला लिहिलं तर बिनमालकाचं कुत्रं येत नाही. पोलिसांकडे गुन्हा येतो, जखमी जनावर येत नाही. ही सगळी खाती एकाच टेबलाभोवती बसतात ती जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीत, आणि त्या टेबलाच्या डोक्याशी आपण बसता. पैसाही तिथूनच वाटला जातो. नावीन्यपूर्ण योजनेच्या शीर्षाखाली काय काय बसवलं जातं ते आपण जाणता. त्यात एक गाडी बसवा: उचलायला पाळणा असलेली, डॉक्टरसह, रात्रीही चालणारी. एक जागा द्या, शहराच्या जवळ, जिथं देशी-जर्शी, कुत्रं-गाढव असं विचारलं जाणार नाही. आणि एक नंबर. चार नव्हे, एक. फोन उचलणाऱ्यानं खातं शोधायचं, फोन करणाऱ्यानं नाही.

आणखी एक. प्रत्येक जिल्ह्यात प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटी असावी असं २००१ चे नियम सांगतात. दवाखाना आणि निवारा चालवणं हे तिचं काम. आपल्या जिल्ह्यातल्या सोसायटीच्या बैठकांच्या तारखा आणि इतिवृत्त लोकांसमोर ठेवायला सांगा. आमच्यासारखी माणसं तिथं हात लावायला तयार आहेत. तो रिक्षावाला तयार आहे. त्यानं चादर धुऊन परत सीटवर घातली आहे, पण मागे एक गोणपाट आणि दुधाची बाटली आता कायम ठेवतो.

मी माझ्या केंद्राच्या शटरवर रंगाऱ्याकडून एक ओळ लिहून घेतली आहे: "जखमी जनावर दिसल्यास फोन करा". पुढं आकड्यांसाठी जागा सोडली आहे. रंगारी दोनदा विचारून गेला, आकडे कधी टाकायचे म्हणून. उन्हाळा लागायच्या आत सांगते, असं मी त्याला म्हटलं आहे.

आपली विश्वासू,
भाकरी केंद्र चालवणारी एक सोलापूरकर