वाशिष्ठी फक्त चिपळूणची नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

वाशिष्ठी नदीतला गाळ काढायची बातमी दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर येते, म्हणून हे पत्र. गाळ काढायलाच हवा, त्याबद्दल वादच नाही, 22 जुलै 2021 ला काय झालं ते आम्ही चिपळूणकरांनी बघितलंय, चिंचनाका, बाजारपेठ सगळं पाण्याखाली, एसटी स्टँडवर गाड्या बुडाल्या, आणि पाणी उतरल्यावर दुकानात तो चिकट तेलकट चिखल, कितीही धुतला तरी शटरच्या खाचेतून निघत नव्हता. पण प्रत्येक वेळी चर्चा फक्त शहरातल्या नदीची होते. अहो ही नदी तिवऱ्याच्या बाजूला सह्याद्रीत उगम पावते आणि दाभोळला समुद्राला मिळते, मधल्या सगळ्याचा हिशोब कोण मांडणार?

वर डोंगरात लाकूडतोड चालूच आहे. झाडं गेली की पहिल्या मोठ्या पावसात माती सरळ खाली येते आणि आपल्याकडे पात्रात गाळाची बेटं तयार होतात. तिवऱ्याचं तर नाव काढलं तरी पोटात गोळा येतो, 2 जुलै 2019 च्या रात्री धरण फुटलं, 20 हून जास्त माणसं गेली.

त्यात कोयनेचं अवजल, म्हणजे वीज केल्यावर सोडलेलं पाणी. कोयना खरंतर कृष्णेला मिळते, तिचं पाणी पूर्वेला जायचं, पण पोफळीला वीज केली की ते कोळकेवाडी धरणात येतं, तिथे परत वीज होते आणि मग वाशिष्ठीत सुटतं. त्याच्यामुळे भर उन्हाळ्यातही आपली नदी वाहते, शहराला पाणी मिळतं, हे मान्य करायलाच हवं. पण वीजनिर्मिती बंद झाली की पात्र लगेच उतरतं, आणि पावसाळ्यात किती पाणी कधी सुटणार हे लोकांना वेळेवर कळायला नको का? त्यात अमावस्या पौर्णिमेचं उधाण असेल तर खाडी पाणी आत घेतच नाही, खाडीकाठच्या गोवळकोटच्या बाजूला विचारा, तिथले जुने लोक पाऊस बघायच्या आधी भरतीची वेळ बघतात. 2021 चा पूरही पौर्णिमेच्या तोंडावरच आला होता.

खाली गेलं तर खाडीचे हाल वेगळेच. लोट्याच्या एमआयडीसीतल्या कारखान्यांच्या केमिकलच्या पाण्यामुळे मासे मरतात हे भोई लोक वर्षानुवर्षं सांगतायत, खेडची जगबुडीही त्याच खाडीला मिळते, आणि धोपावे-दाभोळ फेरीबोटीतून जाताना दिसणारी एवढी मोठी खाडी तिथल्या माणसाला पोटापुरते मासे देत नाही हे बघून खरंच वाईट वाटतं.

माझी विनंती एवढीच की पाटबंधारे, वीज, वन आणि प्रदूषण ही सगळी खाती एका टेबलावर बसवा आणि तिवऱ्यापासून दाभोळपर्यंत एकच प्लॅन करा. आणि पावसाळ्यात अवजलाचा विसर्ग आणि भरतीची वेळ असा एकत्र मेसेज रोज सकाळी लोकांच्या मोबाईलवर पाठवा, ह्याला काही कोट्यवधी रुपये लागत नाहीत, ह्याच जूनपासून सुरू करता येईल.

आपला,
एक वाचक, चिपळूण