सुईवर दिसते ती जाळी खरी नव्हे

ती. आई-बाबांना सा. न.

पार्सल पोचलं असेल. त्यात पिवळसर पांढऱ्या लोकरीच्या ५० ग्रॅमच्या दोन लड्या, ४ मिमीची बांबूची गोल सुई आणि टाचण्यांची डबी आहे. आई, तुला सुलट-उलट शिकवायला नको. जाळीच्या विणीत मात्र स्वेटरपेक्षा काही गोष्टी अगदी उलट्या असतात, त्यांच्यासाठी हे पत्र. बाबा, तुमच्याकडेही तीन कामं आहेत: लडीचा गुंडा करणं, हिशेब ठेवणं आणि शेवटी टाचण्या लावणं. ही तीन नीट झाली तर निम्मा स्कार्फ तुमचाच.

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगते. सुईवर असताना ही वीण चुरगळलेल्या रुमालासारखी दिसते. भोकं मिटलेली, कडा गोळा झालेल्या, मधेच फुगवटा. बरेच जण हातभर विणून इथेच उसवतात. तू उसवू नकोस. ही वीण भिजवून, ताणून, टाचून वाळवल्यावरच उघडते. त्यामुळे टाके बरोबर मोजले आहेत का एवढंच विणताना बघायचं, देखणेपणाचा विचार वाळल्यावर.

हा नमुना स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड बेटांवरचा आहे, तिकडे त्याला ओल्ड शेल म्हणतात. त्यातल्या उन्स्ट बेटावरच्या बायका मेंढीच्या मानेकडची सर्वांत मऊ लोकर हाताने उपटून घेत, इतकी बारीक कातत की अख्खी शाल लग्नाच्या अंगठीतून ओढून काढता येई. त्यासुद्धा विणून झालेली शाल धुऊन लाकडी चौकटीवर ताणून वाळवत. रशियातल्या ओरेनबुर्गच्या शाली बकरीच्या मऊ लवेच्या आणि एस्टोनियातल्या हाप्सालूच्या शाली बारीक गुठळ्यांच्या नक्षीच्या. त्या दोन्ही सुंदर, पण पहिल्या जाळीसाठी ओल्ड शेलच घ्यावा, कारण ४ ओळींच्या नमुन्यात नक्षीची ओळ एकच असते.

पाठवलेली लोकर ५० ग्रॅमला ४०० मीटर भरते. साधारण ३० सेंमी रुंद आणि १६० सेंमी लांब स्कार्फला एक लडी जेमतेम पुरेल, म्हणून दुसरी. आपल्याकडच्या दुकानात लोकर म्हणून मिळते ती बहुतेक ॲक्रिलिक असते. स्वेटरला ती चालते, इथे नाही. ओल्या खऱ्या लोकरीला जो आकार देऊन वाळवावं तो ती धरून ठेवते. ॲक्रिलिक वाळलं की पुन्हा आक्रसतं आणि सगळी मेहनत वाया जाते. पुढे कधी बाजारातून घ्याल तेव्हा बाबांनी बोटभर तुकडा चिमट्यात धरून स्टीलच्या ताटलीवर पेटवून बघावा. जळलेल्या केसांचा वास येऊन राख बोटाने चुरली गेली तर लोकर. वितळून कडक मणी झाला तर ॲक्रिलिक.

सुईच्या नंबरांचाही घोळ असतो. तुझ्याकडच्या जुन्या ८ नंबरच्या सुया म्हणजे ४ मिमीच. पण अमेरिकन नमुन्यात ८ लिहिलं असेल तर ते ५ मिमी. नंबराकडे बघूच नये, मिलिमीटर बघावेत. गोल सुई पाठवली म्हणजे गोल विणायचं असं नाही. एका टोकाकडून दुसरीकडे, मग उलटून परत. विणलेल्याचं ओझं मधल्या दोरीवर, म्हणजे तुझ्या मांडीवर राहतं, मनगटावर येत नाही. आणि बांबूवर टाका स्टीलसारखा घसरत नाही.

बाबा, लडी सोडवल्याशिवाय विणायला देऊ नका. दोन खुर्च्यांच्या पाठींवर ती पूर्ण पसरून चढवा, ताणून बसली की मगच बांधलेले दोरे कापा, आणि सैल गुंडा करा. घट्ट गुंडाळलेली लोकर ताणलेलीच राहते, तशीच विणली जाते आणि पहिल्या पाण्यात आक्रसते.

आता वीण. नमुना १८ टाक्यांचा. तसे ३ नमुने आणि दोन्ही कडांना ३-३ टाके, म्हणजे ६० टाके घालायचे. टाके घालताना गोल सुई आणि घरातली एखादी सुई अशा दोन जोडून धर, त्यांच्यावर टाके घाल आणि मग जास्तीची काढून घे. पहिली कड सैल हवीच. ती आवळली की पुढे कितीही ताणलं तरी टोकाची लाट उघडत नाही. आधी २ ओळी पूर्ण सुलट विण, मग नमुना सुरू.

पहिली ओळ पूर्ण सुलट. दुसरी ओळ: ३ सुलट, मग उलट विणत जायचं, शेवटचे ३ सुलट. तिसरी ओळ नक्षीची: कडेचे ३ सुलट, मग २ टाके एकत्र सुलट असं ३ वेळा, लोकर पुढे घेऊन १ सुलट असं ६ वेळा, पुन्हा २ एकत्र सुलट ३ वेळा. हा झाला एक नमुना. असे तीन, आणि कडेचे ३ सुलट. चौथी ओळ पूर्ण सुलट. ती मागच्या बाजूने येते म्हणून समोर उंच रेघ उमटते. ती रेघ म्हणजेच लाटेची कड, चूक नव्हे.

गणित सरळ आहे. २ एकत्र केले की एक टाका कमी, लोकर पुढे घेतली की एक टाका जास्त आणि तिथेच भोक. एका नमुन्यात ६ कमी, ६ जास्त. म्हणून नक्षीची ओळ संपल्यावर सुईवर पुन्हा ६०च टाके हवेत. जाळीत होणाऱ्या बहुतेक चुका या एका मोजणीत सापडतात.

दर १८ टाक्यांनंतर खुणेची रिंग घाल. लाल सुती दोऱ्याची छोटी गाठवलेली कडी पुरे. या नमुन्यात रिंगच्या दोन्ही बाजूंना जोडटाके, म्हणजे २ एकत्र विणलेले टाके येतात, त्यामुळे ती जागेवर राहते. दुसऱ्या जाळ्यांमध्ये रिंगशेजारी पुढे घेतलेली लोकर आली की ती रिंगखालून पलीकडे सरकते आणि मोजणी बिघडते. तिसऱ्या ओळीत दोन रिंगांमध्ये १८ आहेत का ते प्रत्येक नमुन्यानंतर बघ. ओळ संपल्यावर ६० मोजत बसण्यापेक्षा हे सोपं, आणि चूक कुठल्या नमुन्यात आहे तेही लगेच कळतं.

एखाद्या नमुन्यात १७ निघाले तर नेहमीची चूक ही: तिसऱ्या जोडटाक्यानंतर लगेच लोकर पुढे घ्यायची असते, तीच राहून जाते. चौथ्या ओळीत लक्षात आलं तर उसवायची गरज नाही. त्या जागी दोन टाक्यांमधला आडवा धागा डाव्या सुईने उचल आणि विण. भोक थोडं बारीक येईल, टाचल्यावर सारखं होईल. १९ निघाले तर लोकर चुकून जास्तीची पुढे आली आहे; तो वेढा सोडून दे. आणि भोकच नाही, नुसता पिळलेला टाका दिसत असेल, तर चौथ्या ओळीत तो वेढा मागच्या बाजूने विणला गेला आहे. वेढ्याचा पुढचा पाय कोणता ते बघूनच सुई घालायची.

जोडटाक्यात सुई कधीकधी एकाच टाक्यातून जाते आणि दुसरा खाली लोंबकळत राहतो. ही चूक मोजणीत कळत नाही, कारण लोंबता टाका सुईवर नसतो, दोनाचा एकच उरतो आणि बेरीज तरीही जमून जाते. म्हणून दर नमुन्याला एकदा काम उजेडाकडे धरून मागची बाजू बघावी. लोंबता फास दिसला की सेफ्टी पिनमध्ये अडकवून ठेव, म्हणजे तो खाली धावणार नाही.

यावर सगळ्यात मोठा आधार लाईफलाईनचा. दर ५ नमुन्यांनी, म्हणजे २० ओळींनी, दुसऱ्या ओळीनंतर एक गुळगुळीत सुती दोरा बोथट सुईत ओवून सुईवरच्या ६०ही टाक्यांतून आरपार ओढायचा आणि तसाच ठेवून पुढे विणायचं. दुसरी ओळच घ्यायची, कारण तिथे सगळे टाके साधे असतात. दोरा रिंगांमधून जाऊ देऊ नकोस, नाहीतर रिंगा तिथेच अडकतात. पुढे काही बिनसलं तर सुई काढून थेट त्या दोऱ्यापर्यंत उसवता येतं, एकही टाका निसटत नाही. जाळी उसवताना टाके हाताने उचलायला गेलं की जोडटाके आणि वेढे ओळखू येत नाहीत, डोळ्यांना फार त्रास होतो. म्हणून माझं एवढं ऐकच, हा दोरा कंटाळा न करता घाल.

मांडीवर गडद रंगाचा पंचा किंवा शाल घेऊन बस, फिकट टाके त्यावर उठून दिसतात. दुपारच्या उजेडात विण, संध्याकाळी नक्षीची ओळ नको, फार तर पहिली नाहीतर दुसरी. वीस-पंचवीस मिनिटं झाली की हात सोडून बोटं उघड-मीट कर. घाई कसलीच नाही. १६० सेंमीसाठी ४ ओळींचे ११२च्या आसपास नमुने लागतील, रोज दोन केलेस तरी दोन महिन्यांत होतात. बाबांनी वहीत प्रत्येक नमुन्यामागे एक रेघ मारावी आणि लाईफलाईन घातली त्या रेघेला गोल करावा. कुठल्या ओळीवर थांबलो हे आठवत बसायला नको.

पहिला गुंडा संपला की गाठ मारू नका, जाळीत गाठ लपत नाही. दोन्ही टोकं बोटभर सोडवून विरळ करा, एकमेकांवर ठेवा, पाण्याचा हात लावून तळव्यात जोरात चोळा. खरी लोकर स्वतःलाच धरते. ही लोकर तशी धरते. लेबलवर मशीनमध्ये धुता येते असं लिहिलेली धरत नाही.

साधारण १२० सेंमी झालं की थांब, ताणल्यावर १६०पर्यंत जाईल. चौथ्या ओळीनंतर २ ओळी सुलट आणि मग टाके बंद. तेही सैलच: पहिले दोन टाके मागून एकत्र सुलट विण, तयार झालेला टाका परत डाव्या सुईवर ठेव, पुन्हा तो आणि पुढचा एकत्र. नेहमीसारखं एकावरून एक ओढून बंद केलं तर कड दोरीसारखी आवळते. इथली लाट सुरुवातीच्या टोकाइतकी खोल येत नाही, ते या नमुन्याचंच आहे.

मग धुणं. लाईफलाईनचे दोरे आधी काढून टाका, रंगीत असतील तर ओल्या लोकरीवर उतरतात. बादलीत कोमट पाणी, चमचाभर रिठ्याचं पाणी किंवा थोडा शाम्पू, त्यात अर्धा तास नुसता बुडवून ठेवा. कपड्यांची पावडर नको, ती लोकरीला खाते. चोळू-पिळू नका आणि एका टोकाने उचलू नका, पाण्याच्या वजनाने एकीकडे लांबत जाईल. दोन्ही हातांच्या ओंजळीत सगळा उचलून टॉवेलमध्ये गुंडाळा आणि वरून दाबा.

बाबा, आता तुमचं काम. गादीवर स्वच्छ चादर, तिच्यावर स्कार्फ. आधी दोन्ही लांब कडांमधून एकेक जाड सुती दोरा ओवून घ्या. तो ताणला की कड सरळ राहते, प्रत्येक टाका टाचावा लागत नाही. मग मेजर टेप ठेवून १६० बाय ३०वर पसरा, लांब कडांना दर १० सेंमीवर टाचणी, आणि दोन्ही टोकांना लाटेचं प्रत्येक शिखर बाहेर ओढून त्यावर टाचणी. शिखरं सारखी आली की स्कार्फ उठून दिसतो. डबीतल्याच टाचण्या वापरा. साध्या टाचण्या ओल्या लोकरीवर गंजाचे डाग सोडतात, ते निघत नाहीत. साधारण ४५ टाचण्या जातील. लावताना मोजा, काढताना मोजा. एकही गादीत राहता कामा नये.

पंखा लावून ठेवा, पूर्ण वाळायला दिवस-रात्र धरा. अर्धवट ओला काढलात तर जाळी परत मिटते. पुढे प्रत्येक धुण्यानंतर असंच टाचावं लागेल, खर्चिक काही नाही, फक्त गादी एक दिवस अडकते. कपाटात ठेवताना धुतलेलाच ठेवा, अंगाचा घाम लागलेल्या लोकरीला कसर आधी लागते. सुती कापडात सैल गुंडाळा, हँगरला नको.

आई, मोठा स्कार्फ घ्यायच्या आधी ४२ टाक्यांचा, दोन नमुन्यांचा छोटा तुकडा २४ ओळी विणून धुऊन टाचून बघ. वाळल्यावर एक नमुना ९ सेंमी भरला तर वरचे सगळे आकडे लागू. ८ भरला तर सुई बदलायला नको, आणखी एक नमुना वाढव, म्हणजे ७८ टाके. पण मग लोकर जास्त लागेल, तेव्हा दुसऱ्या लडीवरच्या पट्टीवरचा लॉट नंबर मला लगेच कळवा. त्याच लॉटची लोकर नंतर मिळत नाही आणि रंगातला फरक जाळीत लपत नाही.

तुमची लेक