मशीनवाल्याशी भांडण्याआधी

ती. बाबा आणि आई यांस,
सा. न. वि. वि.

बाबा, परवा फोनवर तुम्ही एवढे तापला होता की माझं ऐकूनच घेतलं नाही, म्हणून लिहायला बसले. म्हापशाला मशीनवाल्याशी भांडायला निघण्याआधी हे आईकडून वाचून घ्या. काही अंडी फुटली नाहीत म्हणून अंडी उबवायचं मशीन बिघडलं असं तुम्हाला वाटतं, पण ते बिघडलेलं नाही. त्या पेटीला तापवता येतं, गार करता येत नाही, एवढंच.

आत ३७.५ ते ३७.८ अंश हवेत. हिवाळ्यात बल्ब पेटतो-विझतो आणि सगळं सुरळीत चालतं. पण आता मे महिन्यात पडवीच्या पत्र्याखाली दुपारी पेटीच्या बाहेरच जवळजवळ तेवढं तापतं. त्यात साधारण बाराव्या दिवसानंतर अंड्यांतली पिल्लं स्वतःच ऊब सोडायला लागतात. मग बल्ब विझलेला असला तरी पारा चढतच राहतो. तुम्ही कौतुकाने सांगितलंत, "एकोणिसाव्या दिवशीच फुटली, आपली जात हुशार!" ती हुशारी नव्हे, बाबा. एकवीस दिवसांचं काम उष्म्याने घाईघाईत उरकलेलं आहे. तुमचा फोटो मी मोठा करून बघितला. पिल्लं बारकी आहेत आणि दोघा-तिघांच्या बेंबीवर काळी गाठ आहे. बलक पोटात पुरता ओढून घ्यायच्या आधीच ती बाहेर पडलीत. अशा बेंबीतून जंतू शिरतात, म्हणून त्यांच्याखालचा भुसा रोज बदला आणि कोरडाच ठेवा.

पेटी पडवीतून उचला आणि माजघरात कौलांखाली आणा. थर्मामीटर झाकणाला न लटकवता अंड्यांच्या उंचीवर ठेवा. आणि आतल्या ताटलीत पहिल्या दिवसापासून पाणी भरू नका. आपल्याकडची हवाच एवढी दमट की पेटीत तापल्यावरही ती ५०-५५ टक्क्यांच्या आसपास राहते, आणि अठराव्या दिवसापर्यंत तेवढी पुरते. तोवर अंड्याचं वजन बारा टक्क्यांच्या आसपास घटायला हवं, नाहीतर श्वास घ्यायला आतली हवेची जागा अपुरी पडते. पाणी शेवटचे तीन दिवस घाला.

आई, आता तुझ्यासाठी. न फुटलेली अंडी तू तशीच परसात पुरलीस. पुढच्या खेपेला आधी फोडून बघ, नाकाला पदर लाव आणि बघ. आत पिसांसकट पुरं झालेलं पिल्लू निघालं तर बहुधा शेवटच्या दिवसांतला उष्मा. नुसता बलक असेल तर कोंबडा कमी पडला, कारण उन्हाळ्यात त्याचंही बीज कमजोर होतं. रक्ताचं कडं दिसलं तर जीव पहिल्या चार-पाच दिवसांतच गेला, आणि तिथे मला तुझी अंडी साठवायची चुलीजवळची फळी आठवते. विशीच्या वर पारा गेला की अंड्यातला जीव हळूहळू जागा होतो. धड वाढत नाही, धड निजत नाही, आणि पेटीत जाण्याआधीच दमतो. तू आठ-दहा दिवस टोपली भरेपर्यंत थांबतेस. या दिवसांत चारच्या वर थांबू नकोस, आणि अंडी न्हाणीच्या बाजूच्या गार कोपऱ्यात टोक खाली करून ठेव. फ्रिजमध्ये नको, ते फारच थंड.

बाबा, तुम्ही कोंबड्यांना व्हिटॅमिनची बाटली दुप्पट पाजली हे आईने मला सांगितलं. तिच्यावर रागावू नका. कल्पना चुकीची नाही. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडून धापा टाकते. त्यात कवच पातळ होतं, खाणं घटतं, आणि पिल्लाची एकवीस दिवसांची शिदोरी त्या एका अंड्यातच असते. बी-२ कमी पडलं तर पिल्लू आतच मरतं किंवा बोटं वाकडी घेऊन निघतं. ई कमी पडलं तरी अंडी कमी फुटतात. पण एक बलक भरायला आठ-दहा दिवस लागतात. आज पाजलेलं पुढच्या पंधरवड्यातल्या अंड्यांत उतरणार, पेटीत ठेवलेल्यांना त्याचा काय उपयोग? आणि ए, डी अंगात साठतात, जास्त झाली की बाधतात. मात्रा बाटलीवर लिहिली आहे तेवढीच.

सी मात्र उन्हाळ्यात वेगळं द्या. कोंबडी ते स्वतःच्या अंगात बनवते, तिला आवळा लागत नाही, पण उष्म्यात ते अपुरं पडतं. खाद्यात किलोला २०० ते २५० मिलिग्रॅम पुरे. पाण्यातून दिलं तर सकाळी, आणि लगेच संपेल एवढ्याच पाण्यात, कारण उन्हात ते टिकत नाही. संशोधक अंड्याला भोक पाडून सी थेट आत टोचूनही बघतात. तुम्ही इन्सुलिनची सुई घेऊन बसाल म्हणून आधीच सांगते: नाही!

दाणे पहाटे आणि दिवस कलल्यावर घाला, भर दुपारी पचनाची उष्णता अंगात वाढते. खुराड्यावर माडाच्या झावळ्यांचा, चुडतांचा मांडव घाला, पण तो बांधायला गडी बोलवा. शिडीवर तुम्ही चढायचं नाही.

माझं ऐकाल तर मिरग लागेपर्यंत पेटी बंदच ठेवा. आईची तांबडी खुडूक झाली आहे ना? तिच्याखाली दहा अंडी ठेवा. उकडलं तर ती आपणहून उठते, खाऊन-पिऊन परत बसते.

रविवारी येते. नवा थर्मामीटर आणि आईच्या गुडघ्याचं तेल घेऊन येते. जेवायला पेज आणि खारातलं आंबट पुरे, मासळी आणायला उन्हात जाऊ नका.

तुमची,
बाय