तक्रार: पैसे २३ पायऱ्यांचे घेतलेत, बांधल्यात १९ आणि त्यातल्या खालच्या पाच धोक्याच्या आहेत

दि. २१ जुलै २०२५

नमस्कार,

मी ठाण्यात राहते, गावचं घर दापोली तालुक्यात. तिथे घरामागच्या उतारावर तुमच्या लोकांनी मार्च-एप्रिलमध्ये दगडी पायऱ्या बांधल्या. कोटेशन, पावत्या, फोटो सगळं सोबत जोडलंय. पाच आठवडे फोन आणि व्हॉट्सॲप करून थकले म्हणून आता एकदाच सगळं नीट लिहून पाठवतेय, कृपया पूर्ण वाचा आणि ज्यांच्या हातात निर्णय आहे त्यांनीच वाचा, परत सुपरवायझरना फॉरवर्ड करू नका.

आधी हे काम का काढलं ते सांगते, कारण तुमच्या उत्तरांवरून वाटतं की ते कोणाच्या लक्षातच नाही. घर वर आहे आणि आगर म्हणजे आमची बाग, विहीर, पंप सगळं खाली, मधे साडेअकरा फुटांचा उतार. तिथे आजोबांच्या वेळची जांभ्याच्या चिऱ्यांची पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट होती. फणसाच्या मुळाने वरचे चिरे उचलले गेले होते, मधोमध पाय पडून पडून खळगे झाले होते आणि पावसात शेवाळ इतकं धरायचं की आई काथ्याची दोरी धरून उतरायची. आई ७२ वर्षांची आहे, उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय आणि तरी रोज दोनदा खाली जाते, कारण पंप तिलाच चालू-बंद करायचा असतो आणि आगरात गेल्याशिवाय तिला करमत नाही. जानेवारीत तुमचे डिझायनर साइट बघायला आले तेव्हा आमच्या पडवीत बसून चहा पिताना मी त्यांना हेच सांगितलं होतं, की मला शोभेच्या पायऱ्या नकोत, आईला काठी न घेता उतरता आलं पाहिजे एवढंच बघा. त्यांनी ते वहीत लिहून घेतलेलं मी पाहिलंय.

आणि कोटेशन चांगलंच होतं, ते मी मान्य करते. घडीव काळा दगड, ६ इंच जाडीचा अख्खा, वरून टाकी मारलेला म्हणजे खरखरीत, २३ पायऱ्या, प्रत्येकीची उंची ६ इंच आणि पाय ठेवायला १३ इंच. ६ गुणिले २३ म्हणजे १३८ इंच, बरोबर साडेअकरा फूट. हिशोब जुळत होता म्हणून तर आम्ही हो म्हटलं. २,८५,००० पैकी २,५०,००० रुपये आम्ही दिलेत, तेही प्रत्येक वेळी तुम्ही मागितलेल्या दिवशी.

आता झालंय काय ते सांगते.

पायऱ्या १९ आहेत. ही गोष्ट माझ्या नाही, आईच्या लक्षात आली. तिला अंधारात पायऱ्या मोजत उतरायची सवय आहे, जुन्या पाखाडीचे आकडे पाठ होते तिचे. मे महिन्यात एकदा फोनवर म्हणाली, अगं तू तेवीस सांगितलेल्यास ना, माझ्या एकोणीसच होतायत. मला वाटलं चुकली असेल. मी गेले तेव्हा स्वतः मोजल्या, दोनदा मोजल्या, १९ च. बिलात २३ लावल्यात, ९,५०० रुपये दराने. उतार काही कमी झालेला नाही, साडेअकरा फूट तेवढाच आहे, म्हणजे चार पायऱ्या कमी केल्या की राहिलेल्या प्रत्येक पायरीची उंची वाढणार हे सरळ आहे. ६ इंचाची सरासरी सव्वासात इंचांवर गेली. दुखऱ्या गुडघ्याला हा सव्वा इंच किती जाणवतो ते आईला विचारा.

तेवढंच असतं तर मी कदाचित भांडून गप्प बसले असते. पण मी टेप लावून एकेक पायरी मोजलीये. वरच्या चौदा साधारण पावणेसात ते साडेसात इंचांच्या आहेत, ठीक, पायाला सवय होते. खालच्या पाच वरून खाली येताना अशा आहेत: साडेआठ, पाच, नऊ, साडेपाच, सव्वानऊ. हे आकडे परत एकदा वाचा प्लीज. जिना उतरताना माणूस प्रत्येक पायरीकडे बघत नाही, पहिल्या दोन-तीन पायऱ्यांत पाय उंची पकडतो आणि पुढे आपोआप पडत जातो, म्हणून सगळ्या पायऱ्या सारख्या ठेवायच्या असतात, मग त्या दगडाच्या असोत नाहीतर लाकडाच्या. चौदा पायऱ्या पायाला एक शिकवायचं आणि शेवटच्या पाचांत फसवायचं, याच्यापेक्षा धोक्याची रचना मला सुचत नाही. घरातल्या जिन्यालासुद्धा नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये १९० मिलिमीटर म्हणजे साधारण साडेसात इंचांच्या वर पायरी चालत नाही, तुमची शेवटची २३५ आहे. आणि रेलिंग चौदाव्या पायरीपाशी संपतं. जिथे हात धरायला सगळ्यात जास्त गरज आहे तिथे पाइपच नाही.

१४ जूनला संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला आई पंप बंद करायला उतरली. पाऊस नुकता थांबला होता. शेवटून दुसरी पायरी साडेपाच इंचांची, ती उतरली आणि त्याच अंदाजाने पुढे पाय टाकला, तर खाली जमीनच नाही, सव्वानऊ इंचांचा खड्डा. त्यात ती शेवटची लादी पाय पडताच पुढे कलंडली. आई हातावर पडली. डावं मनगट मोडलं. शेजारच्या काकू आगरातून आवाज ऐकून धावत आल्या नसत्या तर ती किती वेळ तिथे चिखलात पडून राहिली असती याचा विचार अजून रात्री मला झोपू देत नाही. दापोलीला नेलं, सहा आठवड्यांचं प्लास्टर आहे. तिला स्वतःची वेणी घालता येत नाही, नारळ खवता येत नाही, आणि मी सुट्टी काढून काढून किती काढणार.

यावर तुमच्याकडून आलेलं उत्तर मी जसंच्या तसं जपून ठेवलंय. "मॅम नॅचरल स्टोनमध्ये व्हेरिएशन येतंच, तीच त्याची ब्यूटी आहे, आणि पावसाळ्यात सगळेच दगड निसरडे होतात."

व्हेरिएशन दगडाच्या रंगात येतं, पोतात येतं, कडेला येतं. पायरीच्या उंचीत जे येतं ते बांधणाऱ्याने आणलेलं असतं. दगड जाड-पातळ निघाला तर त्याच्या खालचं बेडिंग कमी-जास्त करून वरची पातळी जुळवायची, पाथरवट आणि गवंडी पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आलेत. तुमचं ऑफिस पुण्यात आहे, पण दापोलीत काम घेता तर एकदा आसूदला केशवराजच्या देवळाकडे जाऊन या, सुपारीच्या बागांतून उतरून, पऱ्या म्हणजे ओढा ओलांडून मग दगडी पायऱ्यांनी वर चढतात. असल्याच डोंगरउतारावर, असल्याच पावसात दगडाचं काम कसं टिकतं ते तिथे बघायला मिळेल.

निसरडेपणाचं म्हणाल तर शेवाळ धरतं हे आम्हाला कोणी शिकवायला नको, आम्ही कोकणातच वाढलोय. म्हणून तर टाकी मारलेला दगड मागितला होता, खरखरीत असला की ओल्या पायालाही पकड राहते आणि काथ्याच्या ब्रशने घासून काढता येतं. तुम्ही काय बसवलंत तर मशीनने कापलेल्या गुळगुळीत दोन इंची लाद्या, आणि वर चकचकीत दिसायला कसलं तरी पॉलिश मारलंत. हँडओव्हरच्या फोटोत ते फार सुंदर दिसतं, अगदी ओल्या दगडासारखं काळंभोर. पहिल्या पावसात त्याच्यावर पाणी थेंब-थेंब उभं राहिलं आणि आता त्याचे पापुद्रे निघतायत. माझी मुलगी दहा वर्षांची, ती पण बसून बसून उतरली.

खालची ती कलंडलेली लादी मी आणि आमच्या वाडीतल्या गवंडीदादांनी मिळून उचलली. खरं तर दोघांनी उचलता येते इथेच सगळं आलं, ६ इंच जाडीचा अख्खा दगड असता तर पहार आणि चार माणसं लागली असती. लादीखाली बोटभर सिमेंटचा थर होता, तो पण फक्त पुढच्या कडेला, मागे पोकळ. हात घातला तर आतली लाल माती ओली, भुसभुशीत, मुठीत सहज आली. सोलिंग म्हणजे खाली दगडांचा थर नाही, खडी नाही, माती चोपायचा धुम्मस कधी फिरवलाच नाही. एक सिमेंटची रिकामी गोणी निघाली. आणि तिच्याखाली आमच्याच जुन्या पाखाडीच्या चिऱ्यांचे तुकडे.

ते बघून मला रडू आलं, हे मी लपवत नाही. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, उन्हावाऱ्यात वर्षं गेली की घट्ट होत जातो. ते चिरे साठ वर्षं घट्ट झालेले होते. तुमच्या सुपरवायझरनी आम्हाला सांगितलं होतं की चांगले चिरे विहिरीजवळ रचून ठेवतो, तिथे आईला बसायला कट्टा करू. विहिरीजवळ सहा आहेत. बाकीचे हातोड्याने फोडून भरावात घातलेत.

गवंडीदादांनी मला जे समजावलं ते तुमच्या टीमलाही माहीत असणारच, म्हणूनच जास्त राग येतो. उतारावरच्या पायऱ्या खालून वर बांधत जायच्या. सगळ्यात खालचा दगड सगळ्यात जड, तो खोदून, सोलिंग करून, चोपून, अर्धा जमिनीत पुरायचा, कारण वरचा सगळा भार शेवटी त्याच्यावर येतो. मग दुसरा दगड पहिल्याच्या पाठीवर दोन इंच तरी चढवून बसवायचा, तिसरा दुसऱ्यावर, म्हणजे सगळे एकमेकांना धरून राहतात. तुम्ही वरून सुरुवात केलीत. मी हे अंदाजाने बोलत नाहीये, ११ मार्चला तुमच्याच ग्रुपवर आलेला फोटो आहे, वरच्या पाच लाद्या बसल्यात आणि खाली नुसता उघडा उतार. वरून येत येत शेवटी जी उंची उरली ती खालच्या पाचांत कशीबशी वाटून टाकली, म्हणून ते साडेआठ, पाच, नऊ. आणि शेवटची लादी नुसत्या मातीवर टेकवली.

पाण्याचा तर विचारच केलेला नाही. घराच्या पागोळ्यांचं आणि वरच्या अंगणाचं सगळं पाणी त्याच बाजूला उतरतं, हे जानेवारीत कोरड्यात दिसणार नाही म्हणून मी बोट दाखवून सांगितलं होतं. वरच्या टोकाला एक आडवा चर आणि पायऱ्यांच्या कडेने गटार एवढं केलं असतं तर पाणी बाजूने गेलं असतं. आता पायऱ्यांवरूनच पऱ्या वाहतो. वरच्या लाद्यांना पुढे किंचित उतार द्यायचा, फुटाला पाव इंच, म्हणजे पाणी साचत नाही, तर मी पाण्याची बाटली आडवी ठेवून बघितलं आणि बऱ्याच लाद्यांवर ती मागे घरंगळते. म्हणजे पाणी मागच्या सांध्यात मुरतं आणि खालची माती घेऊन जातं. यंदा पाऊस मे महिन्यातच आला आणि आत्ता जुलै आहे, सप्टेंबरपर्यंत अजून किती लाद्या पोकळ होतील सांगा.

आणि हे सगळं चालू असताना गेल्या आठवड्यात तुमच्या अकाउंट्समधून मला राहिलेल्या ३५,००० चा रिमाइंडर आला. त्यात "लवकर पेमेंट करून सहकार्य करावे" असं होतं. आईच्या चौकशीचा एक शब्द नव्हता.

मला काय हवंय ते स्पष्ट लिहिते.

या आठवड्यात माणूस पाठवा आणि खालच्या पाच लाद्या काढून तिथे तात्पुरती वाट करून द्या, रेलिंग खालपर्यंत आणा. यासाठी पाऊस संपायची वाट बघायची गरज नाही, बांबू आणि मातीच्या गोण्यांनीही होतं, पण ते तुमच्या खर्चाने. पाऊस थांबला की नोव्हेंबरमध्ये सगळं उचकटून कोटेशनमध्ये लिहिलंय तसं पहिल्यापासून बांधा, खालून वर, अख्खा दगड, २३ पायऱ्या, चर आणि गटारासकट, आणि पहिला दगड बसताना मी तिथे हजर असेन. ते जमत नसेल तर माझे २,५०,००० परत करा, मी गवंडीदादांकडून जांभ्यातच करून घेईन. आईच्या उपचारांची बिलं वेगळी जोडलीयेत, ती दोन्ही बाबतीत तुम्हीच भरायची आहेत. ३५,००० मी देणार नाही आणि न बांधलेल्या चार पायऱ्यांचे ३८,००० बिलात कसे आले याचं लेखी उत्तर हवंय.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर तक्रार नोंदवणार आहे आणि नंतर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे मी राहते तिथेच केस करता येते, ऑनलाइन करता येते, पाच लाखांपर्यंतच्या कामाला फी लागत नाही आणि वकीलही सक्तीचा नाही, हे सगळं मी विचारून ठेवलंय. माप घेतलेले फोटो तारखेसकट आहेत, लादीखालच्या गोणीचा व्हिडिओ आहे, गवंडीदादा साक्ष द्यायला तयार आहेत. मला कोर्टकचेरीची हौस नाही, मला पायऱ्या हव्या आहेत.

मी २६ आणि २७ जुलैला गावी आहे, २६ ला सकाळी आईचं प्लास्टर काढायचं आहे, दुपारी तीननंतर घरीच आहे. तुमच्यापैकी निर्णय घेणारं कोणी येणार असेल तर फोन करून या, येताना टेप आणा. वरच्या दाराने येऊ नका, रस्त्यावरून आगराच्या बाजूने या, म्हणजे आधी खालच्या पाच पायऱ्या दिसतील.

आपली ग्राहक
ठाणे / ता. दापोली, जि. रत्नागिरी

सोबत: कोटेशन, पेमेंटच्या पावत्या, ११ मार्चचा फोटो, १९ पायऱ्यांची मापं, लादीखालचा व्हिडिओ, दवाखान्याची बिलं