शुभाला, व्हॉल्व्हबद्दल

मुलुंड, मुंबई

प्रिय शुभा,

दोन महिने तुला उत्तर दिलं नाही, त्याची बोच आहे. तब्येत ठीक, पावसाळी सर्दी तेवढी. आज लिहितेय कारण परवा जोडबेडचा, म्हणजे अवकाश-सूटमधली हवा आलटून-पालटून शुद्ध करणाऱ्या दोन डब्यांचा, व्हॉल्व्ह गळताना सापडला, आणि त्याची धास्ती तुझ्याशिवाय कुणाला कळणार?

एका बेडमधलं, मण्यांवर बसवलेलं अमाइन हे रसायन सूटमधला कार्बन डायऑक्साइड आणि वाफ धरत असतं, तेव्हा दुसरा बेड व्हॅक्यूमला उघडून धरलेलं सगळं सोडत असतो. काही मिनिटांनी अदलाबदल. धरताना निघणारी उष्णता शेजारच्या बेडला सोडताना कामी येते, म्हणून हीटर लागत नाही. किती देखणं आहे गं हे! पण सगळा भार त्या एका व्हॉल्व्हवर. सीटवर, म्हणजे तो बंद होताना टेकतो त्या जागी, मण्यांची भुकटी बसली, की सूटमधला २९.६ किलोपास्कलचा ऑक्सिजन थेट अवकाशात.

गळती आहे हे ठरवतानाच मी फसत होते. बेड व्हॅक्यूमला नेऊन पंप बंद केला की दाब चढतो, पण तो अमाइनमधून सुटणाऱ्या वायूमुळेही चढतो. म्हणून बेड पंपाने बराच वेळ ओढून रिकामा करायचा, कोरडा नायट्रोजन भरायचा, पुन्हा ओढायचा, मग दाब पाहायचा. असं तीन-चारदा. अमाइनचा वायू असेल तर चढ दर खेपेला मंदावतो आणि आलेखातली दाबाची रेघ वाकत जाते. गळती असेल तर रेघ सरळच राहते. आमची सरळ राहिली.

आता सीट बिनलिंटच्या कापडाने पुसायची, ओ-रिंग बदलायची आणि बेडच्या दोन्ही तोंडांना बारीक जाळी लावायची. साधं ग्रीस अजिबात नको. शुद्ध ऑक्सिजनमध्ये ते पेट घेऊ शकतं, फ्लोरिनयुक्तच हवं. आणि मुंबईच्या या हवेत बेड उघडा ठेवला तर अमाइन दमट हवा पिऊन बसतं, म्हणून उघडताना नायट्रोजन सुरूच ठेवायचा.

तू म्हणशील, मेटॉक्सच, म्हणजे चांदीच्या ऑक्साइडने कार्बन डायऑक्साइड धरणारा जुना डबाच, बरं होतं! मान्य, चांदीच्या ऑक्साइडला हलणारा व्हॉल्व्ह लागत नाही. पण एक कॅनिस्टर साडेचौदा किलोचा, आणि परत वापरायचा तर २०० अंशांच्या आसपास तासन् तास भट्टीत ठेवायचा. फेब्रुवारी २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर तो तापवताना दुर्गंधी सुटली आणि अंतराळवीरांचं दल स्थानकाच्या रशियन भागात जाऊन थांबलं, हेही आठव. मंगळावर हा जोडबेड चालणार नाही, हे मात्र तुझंच खरं होतं, मी तेव्हा उगाच भांडले. तिथली हवा जवळजवळ सगळी कार्बन डायऑक्साइड, दाब ०.६ किलोपास्कलच्या आसपास. त्या हवेला उघडून बेड नीट रिकामा होणारच नाही.

ओवीचा निकाल लागला का? काकूंचा गुडघा कसा आहे? घराचं रंगकाम उरकलं असेल.

एक काम कर. तुझ्या निळ्या वहीत आपण जुन्या बेडला लावलेल्या जाळीचा मेश, म्हणजे ती किती बारीक त्याचा आकडा, लिहिला होता. तो रविवारच्या आत कळव, मी सोमवारी जाळी कापायला देणार आहे.

तुझी,
मेधा